जीपला बांधून ओढला, तुटला नाही, म्हणजे दोर चांगला का?

पोफळ

श्रीवर्धनच्या बाजूला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अंगावरून गेलं तेव्हा पोफळी रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. पण खरा घोर लागला तो उभ्या राहिलेल्या झाडांचा. आंब्या-फणसाच्या मोडलेल्या फांद्या वरच्या वर अडकून राहिल्या होत्या, आणि खाली गोठा, पडवी, पायवाट. त्या पावसाळ्यात गावातला जो तो मिळेल तो दोर घेऊन झाडावर चढत होता. आम्हीही.

आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणारे एक काका तेव्हा फणसावरून पडले. वय पंचावन्न. झाडाची जाण अशी की खोडावर कोयतीची मूठ आपटून आत पोकळ आहे की नाही सांगतील. कमरेला निळा दोर, तो वरच्या बेचक्यातून घेतलेला. पाय निसटला, जेमतेम दोन हात खाली आले, दोराला हिसका बसला आणि दोर तुटला. बारा-तेरा फुटांवरून खाली. टाचेचं हाड मोडलं. ते आजही झाडावर चढत नाहीत.

तो दोर आम्ही आदल्याच दिवशी ‘टेस्ट’ केला होता. जीपच्या हुकाला बांधून पडलेला ओंडका ओढला, दोर तुटला नाही, सगळ्यांचं समाधान झालं. ‘माणसाचं वजन ते काय त्यापुढे’, हे मीच म्हणालो होतो. ते वाक्य अजून माझा पिच्छा सोडत नाही.

तुटलेलं टोक नंतर हातात घेऊन पाहिलं. वरचे पीळ बोटांनी चोळले की पांढुरकी भुकटी पडायची. आतला भाग मात्र अजून निळाशार. दोन उन्हाळे तो दोर गोठ्याच्या पत्र्यावर पडून होता. ओंडका ओढताना जोर हळूहळू येतो, शाबूत धागे तो वाटून घेतात. माणूस पडतो तेव्हा हिसका बसतो, आणि दोर तुटतो तो बहुधा गाठीपाशी, जिथे तो आधीच कमजोर असतो. शिवाय आदल्या दिवशीच्या ओढाओढीत काही धागे गेलेच असणार. ते बाहेरून दिसत नाहीत.

कॉलेजपासून मी सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतोय. कड्यावर जाताना सामान ज्या काळजीने बघायचो, ती काळजी घरच्या फणसाखाली घेतली नाही. त्यानंतर या विषयाच्या मागेच लागलो, त्यातलं थोडं इथे लिहितो.

कारखान्यातली चाचणी दोराचा जीव घेणारी असते. झाडावरच्या कामासाठी कमी ताणला जाणारा, आत गाभा आणि वरून विणलेलं आवरण असा दोर लागतो. त्याचं युरोपीय मानक ईएन १८९१. त्यातल्या ‘ए’ प्रकारच्या दोराने सरळ ओढल्यावर किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २२०० किलोंचा भार झेलायला हवा. टोकाला गाठ मारून १५ किलोन्यूटन तीन मिनिटं. मग दोनेक मीटरच्या तुकड्यावर १०० किलोंचं वजन पाच वेळा पाडतात, दर वेळी दोराच्या लांबीइतक्या उंचीवरून. पाचही वेळा टिकला तर नमुना पास, आणि तो तुकडा बाद. आपल्याला मिळतो तो तशाच बनावटीचा पण एकदाही न पडलेला दोर. त्याची ताकद कोणीतरी आधीच मोजून दिलेली आहे. ती कुठे खर्च झाली आहे का, एवढंच आपण बघायचं, आणि ते जीपने कळत नाही, हाताने कळतं.

मी चढण्याआधी दर वेळी सगळा दोर हाताखालून घालतो. सावलीत बसायचं, एक टोक घ्यायचं आणि वीतभर वीतभर दोर चिमटीतून सरकवायचा. डोळ्यांना दिसतं ते कापलेलं, करपून चकाकणारं, केसाळ झालेलं आवरण. बोटांना कळतं ते त्याहून महत्त्वाचं. मधेच एखादी जागा मऊ लागते, एखादी बारीक, एखादी फुगीर. शंका आली की तिथे दोर वाकवून उभा फास करायचा. चांगला दोर गोल वळतो. आतला गाभा गेला असेल तर फास तिथे मोडल्यासारखा टोकदार होतो. आमच्या ४५ मीटर दोराला वीस मिनिटं लागतात. घाई असेल त्या दिवशी मी चढतच नाही.

हार्नेसवर, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांवर, शिवण बघायची. चांगल्या कंपन्या शिवणीचा दोरा पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा घालतात, तुटलेला टाका लगेच दिसावा म्हणून. कॅराबिनरची (दोर अडकवायच्या उघड-मिट होणाऱ्या कडीची) जिभली उघडून सोडली की खटकन, आपली आपण पूर्ण मिटली पाहिजे. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते आणि जिभली अडते. काम झालं की गोड्या पाण्याने धुवा.

तुम्ही काय करता, लिहा. विशेषतः नारळ पाडणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल.

बागायतदार_गुहागर

काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण एक बोलतो, राग मानू नका. माझे वडील चाळीस वर्षं माडावर चढले. पायात सुंभाचा फास, खोडाला खाचा, बस्स. कधी पडले नाहीत. दोर, हार्नेस आलं की माणूस गाफील होतो. ज्याला झाड कळतं त्याला दोर लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याने दोर लावूनही चढू नये.

साष्टीकार

बागायतदारबाब, आमच्या गोव्यात पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, मानाचा माणूस. पण गावातल्या जुन्या पाडेलींना भेटा. कोणाची कंबर गेली, कोणाचा हात वाकडा, कोणी अंथरुणावर. जे पडले नाहीत ते आपल्याला गोष्टी सांगतात. जे पडले त्यांच्या घरी आपण जात नाही.

आता त्यांची मुलं हे काम करायला तयार नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हे प्रशिक्षण सुरू केलं ते याच अडचणीतून. शिकणाऱ्याला चढायचं यंत्र मिळतं, ‘केरा सुरक्षा’ नावाचा विमाही आहे. यंत्र बहुतेक ठिकाणी चेंबेरी जोसेफ बनावटीचं, केरळच्या कण्णूर जिल्ह्यातलं. दोन पावलांना दोन पट्ट्या, प्रत्येकीला खोडाभोवती जाणारा तारेचा दोर. वजन टाकलं की तार खोडाला आवळते, पाय उचलला की सैल होते.

पण या यंत्रात मूळचं काहीच असं नव्हतं जे हात सुटल्यावर तुम्हाला धरून ठेवेल. कासरगोडच्या सीपीसीआरआय या नारळ-सुपारीसारख्या पिकांच्या संशोधन संस्थेने त्याला जोडायचं सुरक्षा साधन पुढे तयार केलं. माझ्याकडच्या मुलांना मी सांगून ठेवलंय, कमरेचा पट्टा खोडाभोवती घेतल्याशिवाय शेंड्यात हात घालायचा नाही. तारेची तपासणी सोपी आहे. सुती फडकं तारेवरून फिरवा. जिथे फडक्याचा धागा अडकेल तिथे आतली तार तुटून वर आली आहे. उघड्या हाताने करू नका, बोट चिरतं.

पोफळ

@साष्टीकार, फडक्याची युक्ती उद्याच करतो. कमरेच्या लॅनयार्डला, म्हणजे खोडाभोवती घेऊन अडकवायच्या आखूड दोराला, आमच्याकडे आत पोलादी तार आहे, तिलाही लागू पडेल.

@बागायतदार_गुहागर, राग कसला. झाड कळायला हवं हे शंभर टक्के मान्य. किंबहुना माझा दोर ज्या फांदीवर आहे ती फांदी हाही साहित्याचाच भाग धरा. आंब्याला भिरूड लागलेला असेल, बुंध्याशी भुसा पडत असेल, तर वर २२ किलोन्यूटनचा दोर बांधून उपयोग काय? माडाला सोंड्या भुंग्याने आतून पोखरलेलं असेल तर खोड मधेच मोडतं. शेवगा, पांगारा, सावर यांच्या फांद्यांवर मी नांगर (दोराचा वरचा आधार) टाकतच नाही. चिंच असेल तर निर्धास्त. हे ज्ञान तुमच्या वडिलांकडेच मिळेल, कुठल्याही मानकात नाही. पण काकांनाही झाड कळत होतं हो. फणस मोडला नाही, दोर मोडला.

विणकर

इचलकरंजीत धाग्याच्या धंद्यात तीस वर्षं काढली, म्हणून एक गोष्ट सांगतो. पोफळ यांनी वर्णन केलेला निळा दोर नायलॉनचा नव्हताच. दुकानात ‘नायलॉनची दोरी द्या’ म्हटलं की जे पुढ्यात पडतं ते बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं. दुकानदार फसवत असतो असं नाही, त्यालाही तेच नाव माहीत असतं.

ओळखायला बादलीभर पाणी पुरे. वीतभर तुकडा कापा, पाण्यात दाबून हवा काढा आणि सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. तळाला गेला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. होडीवाल्यांना तरंगणारा दोर हवाच असतो, त्यांच्यासाठी तो चांगला आहे. माणूस टांगायला नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो वरून सडत जातो, भुकटी पडली ती त्याचीच. आणि तो १६५ अंशांच्या आसपास वितळतो. दोरावर दोर घासला की एवढी उष्णता सहज तयार होते. नायलॉनला २१५ ते २६० लागतात, प्रकाराप्रमाणे. डायनीमा हा शब्द हल्ली फार ऐकू येतो, तो खास मजबूत केलेला पॉलिथिलीनचाच धागा. वजनाला हलका, ओढायला पोलादासारखा, पण वितळतो १५० च्याही आतच आणि ताणला जवळजवळ जात नाही, म्हणजे हिसका सगळा माणसाच्या कमरेला.

नायलॉन ओलं झालं की ताकद दहा-पंधरा टक्के उतरते, वाळलं की बरीचशी परत येते. आम्ल मात्र नायलॉनचा शत्रू. इन्व्हर्टरच्या किंवा गाडीच्या बॅटरीशेजारी दोर ठेवू नका. बॅटरीच्या नुसत्या वाफेनेही धागा मरतो आणि रंगात काही फरक दिसत नाही. पॉलिएस्टरला तीव्र अल्कली चालत नाही. तुमच्याकडे पोफळीवर बोर्डो हे बुरशीनाशक मारतात, त्यात आम्लधर्मी मोरचूद आणि अल्कली चुना दोन्ही. फवारणीच्या सामानात दोर टाकण्याची सवय असेल तर मोडा.

शुभदा_ठाणे

मी झाडावर चढत नाही, पण या चर्चेवरून नजर हलत नाहीये. आमच्या सोसायटीत दरवर्षी मे महिन्यात फांद्या छाटायला ठेकेदार माणसं पाठवतो. रेन ट्री आणि गुलमोहर, चार मजले उंच. मुलं अनवाणी चढतात, कमरेला दोरी असते पण ती फांदी खाली सोडायला. गेल्या वर्षी एकाला मी वरून उतरवलं आणि विचारलं, पट्टा कुठाय? म्हणाला, मॅडम, पट्ट्याने काम हळू होतं. मी यंदा सचिव आहे. ठेकेदाराला नेमकं काय विचारायचं, जे त्याला टोलवता येणार नाही?

पोफळ

शुभदाताई, तुम्ही त्याला उतरवलंत हे फार चांगलं केलंत.

परवानगी आधी. महाराष्ट्रात शहरी भागाला १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, छाटणीआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा. ठेकेदाराच्या भरवशावर राहू नका.

मग त्याला म्हणा, काम सुरू करायच्या आदल्या दिवशी सगळं सामान इथे सतरंजीवर मांड. हे एक वाक्यच पुष्कळ काम करतं. हार्नेसवरचं लेबल वाचता आलं पाहिजे. भारतीय मानक आयएस ३५२१, आयएसआयच्या चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. युरोपीय मालावर सीई आणि पुढे चार आकडी क्रमांक, सोबत ईएन ३६१ किंवा ईएन ८१३. नुसतं ईएन ३५८ लिहिलेला कमरपट्टा दाखवला तर तो जागेवर टेकून उभं राहण्यापुरता असतो, पडणाऱ्याला झेलण्यासाठी नाही. लेबल पुसलंय, फाटलंय, वर्ष दिसत नाही, तर ते सामान बाद समजा. कापडी सामानाला बरेच उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, तेही कपाटात नीट ठेवलं तर. रोज वापरलेलं वर्षभरातही संपू शकतं.

आणि एक प्रश्न ज्यावर तो गप्प होईल: वर माणूस बेशुद्ध पडला तर खाली कोण आणणार? हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहिलेला माणूस मिनिटांमध्ये गंभीर होऊ शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत थांबायचं हे उत्तर नाही. चढता येणारा दुसरा माणूस आणि दुसरा दोर त्या जागी हजर हवा. नसेल तर काम नाही.

काम हळू होतं म्हणाला ते खरंच आहे. त्याला एका दिवसाऐवजी दोन दिवसांचे पैसे द्या. खरी अडचण तिथे आहे.

लीड्सकर

पोफळ यांच्या शेवटच्या ओळीला +१.

मी मूळ सांगलीचा. इथे इंग्लंडमध्ये सात वर्षं झाडांचंच काम करतो. इथे लोलर नावाचे १९९८ चे नियम आहेत. माणूस ज्यावर टांगला जातो ते प्रत्येक साहित्य दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून कसून तपासून लेखी अहवाल घ्यावा लागतो. प्रत्येक कॅराबिनरला नंबर, नोंदवहीत त्याची ओळ. सुरुवातीला मला हे कागदी काम वाटायचं. मग एका तपासणीत माझा आवडता हार्नेस बाद झाला. हार्नेसच्या पुढच्या मधल्या दोराखाली (त्याला पूल म्हणतात), जिथे कडी घासते, तिथे आवरणातून पांढरा गाभा दिसत होता. मी रोज घालत होतो आणि मला दिसला नव्हता. रोज बघणाऱ्याचे डोळे सरावतात. म्हणून वर्षातून दोनदा दुसऱ्याला बघायला द्या. तुमच्याकडे अधिकृत तपासनीस नसेल तर गावातल्या दोघांनी एकमेकांचं सामान बघा, तेही पुष्कळ.

दुसरं, छाटताना दोन ठिकाणी बांधून घ्या. दोर एका नांगराला, लॅनयार्ड दुसरीकडे.

पोफळ

दोन ठिकाणी का, याचं आम्ही वाडीतच प्रात्यक्षिक केलं होतं. जुना बाद दोर आंब्याला बांधला. सैल असताना कोयतीने घासला, चार-पाच वेळा ओढावी लागली. मग दोघंजण त्याला लटकलो, पाय जमिनीपासून वीतभर वर, खाली गवताचा भारा. तिसऱ्याने कोयतीची धार दोराला टेकवली. मारली नाही, टेकवली. आवरण फाटल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही गवतात होतो. ताणलेल्या दोराला धार लागणं काय असतं हे त्या दिवशी आमच्या चारही मुलांना कळलं. आता न सांगता लॅनयार्ड लावतात.

कडेकपारी

गिर्यारोहकांसाठी एक. आमच्या गटात पद्धत होती, कड्यासाठी बाद झालेले दोर गावातल्या मुलांना द्यायचे, ‘झाडावर चढायला होतील’ म्हणून. देणाऱ्यांची भावना चांगली होती. पण पोफळ यांचं वाचून पोटात गोळा आला. आपल्या जिवाला पुरेसा नसलेला दोर आपण दुसऱ्याच्या जिवासाठी देत होतो. शिवाय तो डायनॅमिक, ईएन ८९२ चा. पडणाऱ्याला झेलायला केलेला, त्यामुळे ताणला जातो. झाडावर करवत हातात असताना वरखाली झुलवणारा दोर कामाचा नाही. या आठवड्यात फोन करून ते दोर परत मागवतोय.

पोफळ

परत मागवाल तेव्हा रिकाम्या हाताने मागू नका, जमलं तर गटाने मिळून एक नवा दोर द्या. नाहीतर ते परत देणार नाहीत, आणि त्यांचं चुकणारही नाही.

बागायतदार_गुहागर

चार दिवस काही लिहिलं नाही कारण विणकर यांची बादली करून बघत होतो. घरात तीन दोर आहेत. तिन्ही मी स्वतः नायलॉन म्हणून आणलेले, एक तर मुलासाठी मुद्दाम महागातला. तिन्ही तरंगले. वडील ओसरीवरून बघत होते. म्हणाले, ‘सुंभ निदान कुजला की वास यायचा.’

एक हार्नेसही आहे, एका ओळखीच्यांनी दिलेला. लेबलवर २०११. शिवण बाहेरून धड दिसते. मुलगा म्हणतो अजून चालेल. काय करू?

पोफळ

वापरू नका, आणि कोणाला देऊही नका. नुसता माळ्यावर टाकलात तर घाईच्या दिवशी कोणीतरी काढेल, म्हणून आज कापा. पायांचे पट्टे आणि पुढचा मधला फास, तीन ठिकाणी, पुन्हा शिवता येणार नाही असे. बकल काढून ठेवायचा मोह होतो, तीही ठेवू नका. तरंगणारे दोर फांद्या ओढायला, भारे बांधायला ठेवा, पण मीटर-दीड मीटरचे तुकडे करून. तेवढ्या तुकड्यावर कोणी चढत नाही.

नवा दोर आला की पहिल्या दिवशी टोकाला चिकटपट्टीवर महिना-वर्ष लिहा. दोरावर थेट मार्करने लिहू नका, शाईतलं रसायन धाग्याला लागतं. साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, थोडा आखडेल, मग लांबी मोजून वहीत टाका.

बागायतदार_गुहागर

हार्नेस कापला. मुलाने स्वतः कापला. दोर मागवलाय, शनिवारपर्यंत येईल म्हणतात. पोफळ, तुमच्याकडून आगरदांड्याची फेरी धरून, पुढे दापोलीवरून आमच्याकडे यायला किती वेळ लागतो ते माहीत आहे, तरी विचारतो. येत्या रविवारी याल का? तो दोर हाताखालून कसा घालायचा ते मुलाला एकदा तुमच्या हाताने दाखवा. वडीलही बसणार आहेत.

पोफळ

फेरी दिघीहून धरतात, पण ती मुरुडकडे जाते. तुमच्याकडे यायला मी बागमांडल्याहून वेसवीला उतरतो. रविवारी दहापर्यंत पोचतो. काकांनाही घेऊन येतोय, त्यांना तुमच्या वडिलांशी माडांबद्दल बोलायचं आहे.